कारण न सांगतां अंगझडती?

प्रत्येक इंग्रज मनुष्याचें घर हा त्याचा किल्ला होय, हें वचन आपल्याकडे इंग्रजी शाळेंत चार इयत्ता काढलेल्या मनुष्यासही तोंडपाठ असतें. १६०४ सालच्या एका खटल्याच्या वृत्तांतांत कोक या प्रसिद्ध कायदेपंडितानें तें तत्त्व नमूद करून ठेविलें, आणि तेव्हांपासून विलायतेच्या राज्यपद्धतीचें गुणवर्णन करणारा प्रत्येक वक्ता त्याचा दाखला देत आला आहे. वचन खरें आहे, याविषयीं आमचा वाद नाहीं. परंतु मनुष्य आपल्या किल्ल्यांत असतो तरी किती वेळ? त्याला पेढीवर जावें लागतें, बाजारांत जावें लागतें, मुलास शाळेंत पोहोंचवावें लागतें. उंबरठ्याबाहेर पाऊल टाकल्यावर त्याच्या अंगावरील कोटास व खिशास त्या किल्ल्याची तटबंदी असते कीं नसते, हा प्रश्न इंग्लंडांत गेलीं दोनशें वर्षें भिजत पडला आहे. त्याचें उत्तर तेथील पार्लमेंटानें कधीं एक तर कधीं दुसरें दिलें. त्या उत्तरांची हकीकत आमच्या वाचकांपुढें मांडावी, असें आम्हांस वाटतें.

घराच्या बाबतींत निकाल लवकर लागला. १७६२ सालच्या नोव्हेंबरांत राजाचे जासूद जॉन एंटिक नांवाच्या लेखकाच्या घरांत एका मंत्र्याच्या हुकुमावरून शिरले, कुलुपें फोडलीं, चार तास कागदपत्र उपसले, आणि शेंकडों कागद उचलून नेले. एंटिकनें गप्प न बसतां त्यांजवर दावा लावला. राज्याच्या सुरक्षिततेसाठीं असें करणें अवश्यच असतें, आणि आजवर असेंच चालत आलें आहे, असें सरकारपक्षाचें म्हणणें होतें. सरन्यायाधीश लॉर्ड कॅम्डन यांनीं १७६५ सालीं निकाल दिला. त्याचें तात्पर्य असें कीं, असा अधिकार असेल तर तो कायद्याच्या पुस्तकांत सांपडला पाहिजे. सांपडत नाहीं, अर्थात् तो नाहीं. एंटिकला तीनशें पौंड नुकसानभरपाई मिळाली. नागरिकानें आपल्या वागणुकीचा आधार दाखवीत बसावयाचें नसून अधिकाऱ्यानें आपल्या अधिकाराचा आधार दाखवावयाचा, हें या निकालाचें मर्म होय. आणि पुढील सर्व विवेचनांत वाचकांनीं तें ध्यानांत ठेवावें.

रस्त्यावरच्या मनुष्याचें नशीब मात्र निराळें ठरलें. नेपोलियनशीं चाललेलें युद्ध संपून हजारों सैनिक बेकार झाले. गांवोगांव भटकणाऱ्या निर्धन लोकांची सुखवस्तु लोकांस धास्ती वाटूं लागली. १८२४ सालीं पार्लमेंटानें भटक्यांचा कायदा केला. त्याच्या चौथ्या कलमान्वयें, गुन्हा करण्याच्या इराद्यानें घुटमळणारा 'संशयित मनुष्य' शिक्षेस पात्र झाला. गुन्हा घडावा लागत नसे. कोणाचें नुकसान व्हावें लागत नसे. अमका इसम संशयास्पद रीतीनें वावरत होता, एवढें पोलिसांनीं शपथेवर सांगितलें कीं काम भागे. १८३९ च्या लंडन पोलिसांच्या कायद्यानें चोरीच्या मालाच्या संशयावरून माणसास व गाडीस थांबवून झडती घेण्याचा अधिकारही शिपायास मिळाला. भटक्यांसाठीं केलेला तो कायदा दीडशें वर्षांनंतर, म्हणजे १९७० नंतरच्या दशकांत, कोणास लागू होऊं लागला? जमेका आदि वेस्ट इंडीज बेटांतून आलेल्या मजुरांच्या, इंग्लंडांतच वाढलेल्या काळ्या मुलांस. 'सस' हें त्या कायद्याचें रस्त्यांतील नांव पडलें. संशय या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचें तें तुटकें रूप होय, आणि ज्यांच्या मागें तो लागला त्या मुलांच्या तोंडीं तें शिवीसारखेंच होतें.

१९८१ सालीं पार्लमेंटानें तो संशयाचा गुन्हा रद्द केला, परंतु त्यापूर्वींच स्फोट झाला होता. त्या वर्षीच्या एप्रिलच्या आरंभीं दक्षिण लंडनमधील ब्रिक्स्टन भागांत घरफोड्या व वाटमाऱ्या थांबविण्यासाठीं पोलिसांनीं एक मोहीम काढली. तिला नांव दिलें 'स्वॉम्प', म्हणजे दलदल. साध्या वेषांतील शंभरावर शिपायांनीं थोड्याच दिवसांत ९४३ माणसें थांबविलीं. त्यांत निम्म्याहून अधिक कृष्णवर्णीय होतीं. अटक झाली ११८ जणांस, आरोप ठेवले गेले ७५ जणांवर, आणि ज्या वाटमारीसाठीं हा सर्व खटाटोप, तिचा आरोप एकावर! हिशेबी व्यापाऱ्यानें हे आंकडे आपल्या कीर्दींतल्याप्रमाणें वाचावे. सव्वाआठशें माणसें रस्त्यांत चारचौघांसमोर अडविलीं गेलीं, खिसे उलटे करून दाखविते झालीं, आणि कांहींएक न निघतां घरीं गेलीं. घरीं जातांना त्यांनीं बरोबर काय नेलें, तें १० ते १२ एप्रिलच्या तीन दिवसांत दिसून आलें. ब्रिक्स्टन पेटलें, २७९ पोलीस जखमी झाले, अठ्ठावीस इमारती आगीच्या भक्ष्यस्थानीं पडल्या.

चौकशीस नेमलेले न्यायमूर्ति लॉर्ड स्कारमन हे क्रांतिकारक पुरुष नव्हते. दंगलखोरांस त्यांनीं गुन्हेगारच म्हटलें. परंतु नोव्हेंबर १९८१ च्या अहवालांत त्यांनीं पोलिसांसही स्पष्ट सुनावलें कीं, सार्वजनिक शांतता राखणें हें पोलिसांचें पहिलें कर्तव्य असून कायद्याची अंमलबजावणी करतांना त्या शांततेचाच भंग होत असेल तर विवेक केला पाहिजे. आपल्याकडील ज्या अधिकाऱ्यांस 'कडक बंदोबस्त' या दोन शब्दांपलीकडे दुसरा उपाय सुचत नाहीं, त्यांनीं हा अहवाल एकदां वाचावा.

या सर्व अनुभवांतून १९८४ चा 'पोलीस व फौजदारी पुरावा' कायदा निघाला, आणि इंग्लंड व वेल्समधील झडतीचा तोच आजही मुख्य आधार आहे. त्याचें पहिलें कलम शिपायास झडतीचा अधिकार देतें. परंतु चोरीचा माल, हत्यार, घरफोडीचीं साधनें वगैरे जवळ असल्याचा 'सकारण संशय' असेल तरच. नुसता संशय नव्हे, सकारण संशय! आणि तें कारण शिपायाच्या पोटांत राहून चालत नाहीं. झडतीस हात घालण्यापूर्वीं त्यानें आपलें नांव, आपलें पोलीस ठाणें, कशाचा शोध घेत आहों तें, आणि संशयाचें कारण, हें सर्व त्या मनुष्यास सांगितलें पाहिजे. अंगावर गणवेष नसेल तर ओळखपत्र दाखविलें पाहिजे. हमरस्त्यावर वरचा कोट, जाकीट व हातमोजे यांपलीकडे वस्त्रें उतरविण्यास तो सांगूं शकत नाहीं. त्याहून अधिक झडती आडोशाला, आणि त्याच लिंगाच्या अंमलदाराकडून. झाल्या झडतीची नोंद ठेविली पाहिजे, व मनुष्यानें मागितली तर तिची प्रत दिली पाहिजे. कायद्याबरोबरच्या नियमावलींत असेंही बजावलें आहे कीं, मनुष्याचा वर्ण, वय, केसांची ठेवण वा पूर्वींची शिक्षा एवढ्यावरून संशय सकारण ठरत नाहीं.

हीं कलमें शोभेचीं नाहींत, हें न्यायालयांनीं दाखवून दिलें आहे. १९९९ च्या एका निकालांत शिपायांनीं आपलें नांव व ठाणें सांगितलें नाहीं, एवढ्याच कारणावरून झडती बेकायदेशीर ठरली. त्यांचे बिल्ल्यांवरील आंकडे दिसत होते, ही सबब चालली नाहीं. त्याहून जुना, १९६६ चा, निकाल तर प्रत्येक विद्यार्थ्यानें वाचण्यासारखा आहे. ग्रिम्सबी या बंदराच्या गांवीं चोऱ्या झालेल्या भागांत उत्तररात्रीं हिंडणाऱ्या एका मनुष्यास शिपायांनीं हटकलें. त्यानें पुरतें नांव सांगितलें नाहीं, पत्ताही अर्धवट सांगितला, आणि अटक केल्याविना चौकीपर्यंत येण्याचें नाकारलें. कामांत अडथळा केल्याबद्दल खालच्या कोर्टानें त्यास दोषी ठरविलें. वरच्या न्यायालयानें सोडून दिलें. पोलिसांच्या प्रश्नांस उत्तर देणें हें सज्जनाचें नैतिक कर्तव्य असेल, पण कायद्याचें बंधन नव्हे, असा त्या निकालाचा आशय आहे. १९८४ च्या कायद्याखालीं झडती घेतांनाही मनुष्यास आपलें नांव-पत्ता सांगण्याची सक्ति नाहीं, आणि नांव समजावें एवढ्याकरितां त्यास रोखून धरतां येत नाहीं.

आपल्याकडील वाचकास येथें पंचनाम्याची आठवण होईल. घराच्या झडतीस वस्तींतील दोन प्रतिष्ठित पंच असावेत, हा नियम इंग्रजी अमदानींत हिंदुस्थानच्या फौजदारी कायद्यांत घातला गेला आणि १८९८ च्या संहितेंतून आजच्या संहितेपर्यंत चालत आला. पंच किती वेळां पंच असतात व किती वेळां चौकीचेच ओळखीचे असतात, हें आम्ही येथें सांगत नाहीं. व्यापारी वर्गास तें ठाऊक आहे. लंडनच्या रस्त्यावर पंच नसतात. तेथें ती जागा शिपायाच्या तोंडून निघणाऱ्या कारणानें आणि त्या नोंदीच्या चिठ्ठीनें भरून काढिली आहे. म्हणूनच तें कारण काढून घेतलें कीं मागें उरतें तें केवळ बळ.

आणि पार्लमेंटानें तें काढून घेतलें. एकदां नव्हे, तीनदां.

१९९४ च्या कायद्याच्या साठाव्या कलमानें, गंभीर मारामारी होण्याचा संभव आहे असें वाटल्यास वरिष्ठ अधिकाऱ्यानें एखादा भाग ठराविक तासांसाठीं जाहीर करावा, आणि त्या भागांत शिपायानें कोणासही संशयाविना तपासावें, अशी मुभा दिली. २००० सालच्या दहशतवादविरोधी कायद्याचें ४४ वें कलम त्याच्याही पुढें गेलें. त्याखालीं काढावयाचा हुकूम अठ्ठावीस दिवसांचा. परंतु २००१ पासून संपूर्ण लंडन शहरासाठीं तो एकामागून एक, खंड न पडतां, वर्षानुवर्षें काढला जात होता. म्हणजे अपवाद म्हणून दिलेला अधिकार नित्याचा झाला, आणि तो नित्याचा झाला आहे हें नागरिकांस कोणीं कळविलेंही नाहीं! २००३ च्या सप्टेंबरांत लंडनच्या गोदीभागांत शस्त्रास्त्रांचें प्रदर्शन भरलें असतां त्याच्या निषेधास निघालेला एक विद्यार्थी आणि त्या निषेधाचें चित्रण करण्यास आलेली एक वृत्तलेखिका यांस या कलमाखालीं थांबवून तपासण्यांत आलें. निघालें कांहींच नाहीं. दोघांनीं दाद मागितली. इंग्लंडांतील सर्वोच्च न्यायपीठानें २००६ सालीं ती फेटाळली. पिशवी तपासणें म्हणजे विमानतळावर सोसावा लागतो तितकाच त्रास, असा तेथील सूर होता. स्ट्रासबुर्ग येथील युरोपच्या मानवी हक्क न्यायालयास तें पटलें नाहीं. १२ जानेवारी २०१० रोजीं त्यानें निकाल दिला कीं, भर रस्त्यांत सक्तीनें केलेली झडती हा खाजगी जीवनावरील उघड आघात आहे, आणि शिपायाच्या लहरीस ज्यांत कांहीं आळा नाहीं तो अधिकार 'कायद्यानुसार' म्हणतां येत नाहीं. लॉर्ड कॅम्डन यांचेंच तत्त्व अडीचशें वर्षांनीं समुद्रापलीकडून परत आलें.

ह्या कलमाचा प्रताप काय होता, याचा एक मासला सांगितल्यावांचून राहवत नाहीं. २००५ सालीं ब्रायटन येथें मजूर पक्षाच्या परिषदेंत परराष्ट्रमंत्री इराकच्या युद्धाचें समर्थन करीत असतां वॉल्टर वुल्फगँग नांवाचे ८२ वर्षांचे वृद्ध सभासद मध्येंच ओरडून त्या समर्थनास मूर्खपणा म्हणाले. हे गृहस्थ हिटलरच्या जर्मनींतून जीव वाचवून इंग्लंडांत आलेले. त्यांस उचलून बाहेर काढण्यांत आलें, आणि पुन्हां आंत येऊं लागले तेव्हां पोलिसांनीं अडविलें तें याच दहशतवादविरोधी कलमाचा आधार घेऊन! पक्षानें मागाहून त्यांची क्षमा मागितली. २००९-१० या एका वर्षांत या कलमाखालीं एक लक्षाहून अधिक झडत्या झाल्या, आणि त्यांतून दहशतवादाच्या गुन्ह्याबद्दल अटक झालेला मनुष्य एकही नव्हता. २०१२ सालीं कलम रद्द झालें व त्याच्या जागीं बरेंच आंखडलेलें दुसरें आलें.

तिसरी वेळ २०२३ ची. त्या वर्षींच्या सार्वजनिक सुव्यवस्थेच्या कायद्यानें निदर्शनांच्या प्रसंगींही संशयाविना झडती घेण्याचा मार्ग मोकळा केला. शोध कशाचा? निदर्शकानें स्वतःस साखळीनें वा डिंकानें जखडून घेण्याच्या साधनांचा. सुऱ्याच्या भीतीनें १९९४ सालीं दिलेली सवलत तीस वर्षांच्या आंत डिंकाच्या बाटलीपर्यंत येऊन पोहोंचली.

विरुद्ध पक्षाचें म्हणणें आम्ही डावलूं इच्छीत नाहीं. लंडनमध्यें कोवळ्या पोरांचे सुऱ्यानें मुडदे पडतात, आणि मेलेल्यांत काळ्या मुलांचें प्रमाण फार मोठें असतें. ज्या मातेचा मुलगा गेला तिनें झडत्या वाढवा म्हटलें तर तिला स्वातंत्र्याचीं सूत्रें ऐकविण्याचें धैर्य आमच्यांत नाहीं. दुकान फोडलें गेलेल्या व्यापाऱ्यासही शिपायाचे हात बांधावे असें वाटणार नाहीं. प्रश्न एवढाच कीं झडत्या वाढविल्यानें सुरे कमी होतात काय? २००८ पासून लंडनच्या कांहीं भागांत हत्यारांसाठीं झडत्यांची मोठी मोहीम चालली. तिच्या फलाची छाननी ब्रिटिश गृहखात्यानें स्वतः करविली व २०१६ सालीं प्रसिद्ध केली. ज्या भागांत झडत्या फार वाढल्या त्या भागांत, इतर भागांच्या मानानें, गुन्हे कमी झाल्याचें त्या छाननींत दिसून आलें नाहीं. पोलिसांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी निरीक्षकांनीं २०१३ सालीं जवळजवळ नऊ हजार नोंदी तपासल्या. त्यांत शेंकडा २७ नोंदींत संशयाचें पुरेसें कारणच लिहिलेलें नव्हतें. हें पाहून तत्कालीन गृहमंत्री थेरेसा मे या हुजूर पक्षाच्या बाईंनीं २०१४ सालीं झडत्यांस लगाम घातला. त्याच पक्षाच्या सरकारनें २०१९ पासून तो पुन्हां सैल केला. राज्यकर्ते बदलले कीं नागरिकाच्या खिशाची खोली बदलते, अशी ही स्थिति आहे.

निरपराध्यास भिण्याचें कारण काय, असा प्रश्न सभ्य लोक नेहमीं विचारतात. विचारणाऱ्यास बहुधा कोणीं थांबविलेलें नसतें. २०२२-२३ सालीं इंग्लंड व वेल्समध्यें लोकसंख्येच्या मानानें गोऱ्या मनुष्याच्या सुमारें चौपट वेळां काळ्या मनुष्याची झडती झाली, आणि एकंदर झडत्यांपैकीं सुमारें सात-दशमांशांत पुढें कांहींच कारवाई करावी लागली नाहीं. आंकड्यांनीं ज्यांचें समाधान होत नाहीं त्यांनीं हॅकनी येथील गोष्ट ऐकावी. २०२० सालीं एका पंधरा वर्षांच्या काळ्या मुलीच्या अंगास गांजाचा वास येतो, असा शिक्षकांस संशय आला. पोलीस बोलावण्यांत आले. शाळेंतल्याच एका खोलींत, परीक्षेच्या मधून उठवून आणलेल्या त्या मुलीस, ती मासिक पाळींत असतां, विवस्त्र करून तपासण्यांत आलें. आई नाहीं, दुसरें कोणी वडील मनुष्य जवळ नाहीं. कांहीं सांपडलें नाहीं. २०२२ सालच्या चौकशी-अहवालानें ही झडती होतां कामा नये होती असें सांगितलें, आणि तींत वर्णद्वेषाचा अंश असण्याचा संभव आहे असें स्पष्ट म्हटलें. या मुलीस भिण्याचें कारण काय होतें, तें त्या सभ्य गृहस्थांनीं आतां सांगावें.

स्कॉटलंडची तऱ्हा आणखी निराळी होती. तेथें पुष्कळशा झडत्या कायद्याच्या कोणत्याही कलमाविना, 'संमतीनें' होत असत. आणि ज्यांची संमति घेतली त्यांत लहान मुलेंही असत. गणवेषांतला शिपाई समोर उभा राहून 'तपासूं ना रे?' म्हणून विचारतो, तेव्हां तेरा वर्षांचें पोर 'नाहीं' म्हणेल काय? इंग्लंडांत या प्रकारास नियमावलीनें पूर्वींच बंदी केली होती. स्कॉटलंडांत ती २०१७ पासून आली, आणि झडत्यांची संख्या तेव्हांपासून पुष्कळच खालीं आली.

लंडन, लेस्टर, बर्मिंगहॅम, मँचेस्टर येथें आपल्याकडील मुलें शिक्षणास व नोकरीस मोठ्या संख्येनें जातात. लंडनांत महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे. ह्या मुलांस आम्ही दोन गोष्टी सांगूं इच्छितों. विमानतळावर व बंदरावर रस्त्याचा कायदा चालत नाहीं. तेथें २००० च्याच कायद्याच्या सातव्या परिशिष्टाखालीं, संशय नसतांही, सहा तासांपर्यंत अडकवून प्रश्न विचारतां येतात, आणि त्या प्रश्नांस उत्तर न देणें हाच गुन्हा होतो. २०१३ सालीं डेव्हिड मिरांडा यांस हीथ्रो विमानतळावर असेंच अडकविलें, तेव्हां मुदत नऊ तासांची होती व ती जवळजवळ पुरती वापरली गेली. पुढें २०१६ सालीं अपील न्यायालयानें हा अधिकार पत्रकारांच्या कागदपत्रांस पुरेसें संरक्षण देत नाहीं असें ठरविलें. म्हणून तेथें हुज्जत घालूं नये. शांतपणें उत्तर द्यावें, आणि तासभराहून अधिक रोखलें तर वकिलाची मागणी करावी.

रस्त्यांत मात्र चित्र उलट आहे. शिपायाशीं झोंबूं नये, पळूं नये. झडती कायदेशीर असेल तर तिला विरोध करणें हा गुन्हा होईल. पण तोंड बंद ठेवण्याची गरज नाहीं. आपण मला कोणत्या कायद्याखालीं थांबविलें? कशाचा शोध घेतां? माझ्यावरच संशय कां? आपलें नांव व ठाणें कोणतें? हे चार प्रश्न हलक्या आवाजांत विचारावे, आणि नोंदीची प्रत मागावी. ती जागेवर न मिळाल्यास शिपायानें सांगितलेल्या ठाण्यांत तीन महिन्यांच्या आंत अर्ज केला म्हणजे ती द्यावीच लागते.